फिनिक्सची लाइट रेल: वाळवंटात ऐसपैस पसरलेल्या शहराला रूळ परवडतात का?

सग्वारो (धागाकर्ता)

पुणे मेट्रोच्या धाग्यावर परवा कोणीतरी "अमेरिकेत ट्राम उखडून टाकल्या, आणि आपण मात्र रूळ टाकत बसलोय" असं ठोकून दिलं होतं. तिथे उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढतोय. मी ॲरिझोनात, फिनिक्सला लागून असलेल्या टेंपीला राहतो. गाडी आहे, पण कामाला बऱ्याचदा लाइट रेलने, म्हणजे रस्त्यातल्या रुळांवर विजेने धावणाऱ्या गाडीने जातो.

तर उखडलेल्या ट्रामबद्दल आधी. फिनिक्समध्ये १८८७ पासून ट्राम होती. सुरुवातीला खेचरं ओढायची, मग विजेवर आली. १९४७ मध्ये ट्रामच्या शेडला आग लागून बहुतेक डबे जळाले आणि १९४८ मध्ये सेवा गुंडाळली. त्यानंतर हे शहर वाढलं ते मोटार आणि एअर कंडिशनर या दोघांच्या जिवावर. दर मैलाला एक रुंद रस्ता, आडवे-उभे सगळे काटकोनात, मधल्या चौकोनांत बैठी घरं. फिनिक्स शहर साधारण १,३४० चौरस किलोमीटर आहे आणि लोकसंख्या १६ लाख. बृहन्मुंबई ६०३ चौरस किलोमीटर, २०११ च्या जनगणनेत जवळपास सव्वा कोटी. म्हणजे मुंबईच्या दुपटीहून मोठ्या जागेत मुंबईच्या आठव्या हिश्शाइतकी माणसं. मेसा, टेंपी, चँडलर, स्कॉट्सडेल, ग्लेनडेल वगैरे सगळी शहरं धरली तर आकडा ५० लाखांच्या घरात जातो, पण पसाराही त्याच प्रमाणात वाढतो.

अशा ठिकाणी रेल्वे कोण मागणार? लोकांना विचारलं गेलं, आणि इथे विचारणं म्हणजे थेट मतदान, कारण विक्रीकर वाढवायचा असतो. १९८५ मध्ये मारिकोपा काउंटीने (म्हणजे इथल्या जिल्ह्याने) फ्रीवेसाठी डॉलरमागे अर्धा सेंट विक्रीकर दिला. १९८९ मध्ये 'व्हॅलट्रान्स' नावाची शंभरेक मैलांची उन्नत रेल्वे मतपेटीत साफ आपटली. १९९६ मध्ये छोट्या टेंपीने आपल्यापुरता कर मंजूर केला, १९९७ मध्ये फिनिक्समध्ये तसाच प्रस्ताव अगदी निसटत्या फरकाने पडला, २००० मध्ये ०.४ टक्के करावर एकदाचं हो म्हटलं गेलं. २७ डिसेंबर २००८ ला २० मैलांची पहिली मार्गिका धावली. खर्च सुमारे १.४ अब्ज डॉलर, त्यातले ५८.७ कोटी वॉशिंग्टनहून आले. रोज २६ हजार प्रवासी येतील असा अंदाज होता. सुरुवातीपासूनच त्याहून जास्त आले आणि काही वर्षांत चाळीस हजारांच्या पुढे गेले. कोविडनंतर मात्र ते दिवस पुरते परतलेले नाहीत.

७ जून २०२५ ला साउथ सेंट्रलचा साडेपाच मैलांचा फाटा उघडला आणि एकाच रेघेच्या दोन मार्गिका झाल्या. 'ए' मेसाच्या गिल्बर्ट रोडपासून डाउनटाउनपर्यंत, 'बी' उत्तरेला मेट्रो पार्कवेपासून दक्षिणेला बेसलाइन रोडपर्यंत. एकूण ३५ मैल, शिवाय टेंपीची तीन मैलांची स्ट्रीटकार.

माझं मत आधीच सांगून टाकतो. वाळवंट, ऊन, विरळ वस्ती ही कारणं सगळे सांगतात आणि ती खरीही आहेत. पण रस्त्यावरची रेल्वे जिथे अडली तिथे बहुतेक वेळा एका गोष्टीवर अडली: रस्त्यातली एक लेन कोण सोडणार?

---

वऱ्हाडी ठेचा

सग्वारो भाऊ, चांगला धागा. पण एक सांगा, ४५ डिग्रीत माणूस स्टेशनपर्यंत जाते कसा? आमच्या नागपुरात मे महिन्यात दुपारी कुत्रं बाहेर निघत नाही बाप्पा. मेट्रोत एसी आहे, गाडी चकाचक आहे, पण स्टेशनातून उतरल्यावर ऑटोवाला जो भाव सांगते तो ऐकून घाम फुटते. तुमच्याकडे तं ऑटोही नाही.

---

निशिगंधा

@वऱ्हाडी ठेचा, मी सांगते. मी ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत शिकते. वर्ग डाउनटाउन फिनिक्सला, खोली टेंपीत. विद्यापीठाच्या दोन्ही आवारांना हीच गाडी जोडते, साधारण अर्धा तास लागतो. भारतातून आलेल्या मुलांकडे पहिलं वर्षभर गाडी नसतेच, त्यामुळे आम्हा सगळ्यांचं आयुष्य या रेघेच्या आजूबाजूला. भाड्याची खोली शोधताना पहिला प्रश्न भाडं किती हा नसतो, "रेलपासून किती लांब" हा असतो.

आणि ऊन? स्टेशनवर छत असतं, थंड पाण्याचे नळ असतात, झाडंही लावलीत. पण सकाळी साडेनऊनंतर मी दोन ब्लॉकपेक्षा जास्त चालत नाही. इथला ब्लॉक म्हणजे आपल्या पेठेतला नव्हे, चालत राहा, चालत राहा, संपतच नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात ओळीने ३१ दिवस पारा ४३ च्या वर होता. रात्रीही भिंतीला हात लावला तर गरम. तेव्हा बारा-पंधरा मिनिटांनी येणारी गाडी चुकली की रडू यायचं, खरंच.

---

चँडलरवासी

सगळ्यांचा उत्साह मान्य करूनही विचारतो: हिशेब जुळतो का? फिनिक्सचा विक्रीकर वेगळा, पण काउंटीचा अर्धा सेंट मीही भरतो. २००४ मध्ये तो आणखी वीस वर्षांसाठी वाढवला, त्यातून रेल्वेलाही वाटा गेला. चँडलरला इंटेलचे प्रचंड कारखाने, आपली किती मराठी मंडळी तिथे कामाला. आमच्याकडे रूळ नाहीत. उत्तर फिनिक्सला चिप बनवणाऱ्या तैवानच्या टीएसएमसीचा कारखाना उभा राहिला, तिथेही नाहीत. म्हणजे नोकऱ्या एकीकडे, रेल्वे दुसरीकडे. मी डाउनटाउनला बास्केटबॉलची मॅच असेल तेव्हा बसतो, पार्किंगचे पैसे वाचतात म्हणून. ३५ मैलांसाठी एवढा पैसा ओतण्यापेक्षा त्यात किती बस आल्या असत्या!

शिवाय काटकोनातले रस्ते बसला फार सोयीचे. दर मैलाला एक सरळ बस सोडा, दर दहा मिनिटांनी. कुठूनही कुठे जायला एकदाच बदलावी लागेल.

---

अभियंता_आबा

चँडलरवासी, बसचा मुद्दा एकदम बिनतोड आहे आणि मला तो रेल्वेवाल्यांनी जास्त ऐकावा असं वाटतं. फक्त बस दर दहा मिनिटांनी सोडायची तर चालक लागतात आणि त्यांचा पगार दर वर्षी द्यावा लागतो. राजकारण्याला फीत कापायला रूळ आवडतात, चालकांचे पगार नाही. हे पुण्यातही तसंच आहे, पीएमपीच्या बस मोजून बघा.

आता थोडं बांधकामाचं, कारण इथे बरेच जण "रूळ टाकायला एवढा पैसा कसा लागतो" विचारतात. मी भारतात आणि आखातात रुळांवर काम केलंय, फिनिक्सला फक्त पाहुणा म्हणून जाऊन आलो.

लाइट रेल रस्त्याच्या मधोमध, काँक्रीटमध्ये बसवलेल्या रुळांवर चालते. रूळ काही फार महाग नसतात. महाग असतं ते खालचं. पाण्याची लाइन, मलवाहिनी, गॅस, वीज, केबल, हे सगळं रुळाखालून आधी बाजूला सरकवावं लागतं, कारण उद्या नळ फुटला म्हणून चालू मार्ग खोदता येत नाही. फिनिक्समध्ये वर सिंचनाच्या पाटांची भर, शहराखालून-शेजारून ते अजून वाहतात. म्हणून दुकानासमोर दोन-दोन वर्षं खड्डा राहतो.

उन्हाचं म्हणाल तर रुळाचं तापमान हवेपेक्षा वीसेक अंशांनी सहज जास्त जातं. सलग जोडलेला रूळ प्रसरण पावू बघतो आणि जागा न मिळाल्यास खडीवर असेल तर बाजूला वाकतो. काँक्रीटात पुरलेला रूळ तसा वाकत नाही, तिथे तो जखडलेला असतो. गाडीला वीज पुरवणाऱ्या वरच्या तारेला वजनं लावून ताण कायम ठेवतात, नाहीतर ती लोंबेल. ही सगळी गणितं सुटलेली आहेत. गरमीने रेल्वे बंद पडेल ही भीती सोडा. गरमीने बंद पडतो तो स्टेशनपर्यंत चालणारा माणूस.

एक गंमत बघा. रस्त्याच्या मधल्या स्टेशनवर डोक्यावर छत असतं, पण संध्याकाळी पाचला सूर्य पश्चिमेला उतरलेला असतो. छताची सावली पडते शेजारच्या लेनवर, मोटारींच्या टपावर! फलाटावर उभा माणूस उन्हात. म्हणून तिथे उभ्या पट्ट्यांचे आडोसे लागतात. आपल्याकडचे बसथांब्यांचे डिझाइनर हे कधी बघतात का कोण जाणे.

---

खजूर_२००९

दुबईहून लिहितोय. वाळवंट तेच, पसारा तोच, उत्तर वेगळं. आमची मेट्रो ९ सप्टेंबर २००९ ला सुरू झाली, बहुतेक सगळी उन्नत, चालक नाही. स्टेशन बंदिस्त आणि गारेगार, हमरस्ता ओलांडायचे पूलही बंदिस्त आणि गारेगार. २०१४ मध्ये ट्राम आली तर तिलाही फलाटावर काचेचे दरवाजे आणि एसी. "माणूस उन्हात उभा राहणार नाही" हे आधी ठरवलं आणि मग बाकीचं. फिनिक्सने निम्म्यात काम भागवलंय असं वाटतं.

---

सग्वारो

@खजूर_२००९, काका, तुमच्याकडे कर लावायला मतदान घेत होते का? :) इथे प्रत्येक मैल मतपेटीतून निघतो. १९८९ ला जी योजना पडली ती उन्नतच होती. लोकांनी "एवढा खर्च, एवढी मोठी रचना" म्हणून नाकारली. नंतर स्वस्तात बसेल अशी रस्त्यावरची रेल्वे आणली, आणि मग लोकांनी विचारलं की रस्त्यावर का आणली! आजही उन्नत स्टेशन म्हणाल तर मेट्रो पार्कवेचं, जानेवारी २०२४ मध्ये उघडलेलं, आय-१७ फ्रीवे ओलांडून गेल्यावर लागतं ते. त्याची कहाणी तर ऐकण्यासारखी. ते बांधलं मेट्रोसेंटर नावाच्या जुन्या प्रचंड मॉलसाठी. मॉल १९७३ चा, आणि रेल्वे पोचण्याआधीच २०२० मध्ये बंद पडला. आता त्या जागी नवी वस्ती व्हायची आहे. वरात पोचली तेव्हा मांडव उतरवलेला, असं झालं.

आता माझ्या लेनच्या मुद्द्याकडे येतो, कारण साउथ सेंट्रलची भानगड या सगळ्याचं सार आहे. साउथ फिनिक्स म्हणजे मेक्सिकन आणि कृष्णवर्णीय कामगारांची जुनी वस्ती. पूर्वी घरकर्ज आणि घरखरेदीच्या भेदभावामुळे ही माणसं रेल्वेमार्गाच्या आणि नदीच्या दक्षिणेलाच राहिली. गाडी नसलेली घरं तिथे जास्त, बसला गर्दी तिथे जास्त. म्हणजे रेल्वेची खरी गरज तिथे. पण सेंट्रल अव्हेन्यूवर रूळ टाकायचे तर मोटारींच्या चार लेनच्या दोन होणार होत्या. दुकानदार बिथरले. "चार लेन द्या, नाहीतर ट्रेन नको" ही घोषणाच झाली. त्यातून २०१९ मध्ये संपूर्ण फिनिक्सची रेल्वेवाढच कायमची थांबवण्याचा प्रस्ताव क्रमांक १०५ मतदानाला आला. सुमारे ६२ टक्के लोकांनी तो फेटाळला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काम सुरू झालं.

मला दुकानदारांचा राग येत नाही. सहा वर्षं दारात खोदकाम, डावीकडे वळायची सोय बंद, गिऱ्हाईक दुसरीकडे. टायरवाला, टाकोवाला, सलूनवाला, ही माणसं मासिक भाड्यावर जगणारी. रेल्वे आल्यावर जमिनीचा भाव वाढेल तो मालकाला मिळेल, यांना नव्हे.

पण बाकीच्यांचं काय? ग्लेनडेलच्या नगर परिषदेने २०१७ मध्ये आपल्या गावात रेल्वे नको असं ठरवलं. स्कॉट्सडेल, म्हणजे इथलं श्रीमंत गाव, पहिल्यापासून नको म्हणतंय. फिनिक्सच्या ईशान्येला पॅराडाइज व्हॅलीकडे जायचा फाटा २०१८ मध्ये नगर परिषदेने बाजूला ठेवला आणि पैसा रस्ते दुरुस्तीला वळवला. तिथे मुद्दा उन्हाचा नव्हता, मोटारींच्या रस्त्याचाच होता असं मला वाटतं.

---

ठोंब्या

म्हणजे लक्ष्मी रोडवर पार्किंग काढा म्हटल्यावर जे होतं तेच की. उगाच सातासमुद्रापार गेलात.

---

निशिगंधा

डावीकडे वळण्यावरून आठवलं. इथे गाडी उजव्या बाजूने चालते, त्यामुळे डावं वळण म्हणजे रूळ ओलांडणं. लोक सवयीने, लाल बाण असतानाही वळतात आणि मागून आलेली ट्रेन धडकते. माझ्यासमोर झालंय. कोणाला फार लागलं नाही, पण मोटारीचा दरवाजा आत गेला आणि आम्ही सगळे खाली उतरून पुढच्या स्टेशनपर्यंत चालत गेलो. दुपारी!

@खजूर_२००९ काका, गाडीतली सगळी गर्दी कुठेतरी जाणारी नसते, हेही लिहायला हवं. उन्हाळ्यात कितीतरी बेघर माणसं नुसती गारव्यासाठी या टोकाहून त्या टोकाला जात असतात. काही प्रवासी कुरकुर करतात, मुली रात्री पहिल्या डब्यात चालकाजवळ बसतात. मलाही कधीकधी भीती वाटते. पण २०२३ मध्ये मारिकोपा काउंटीत उष्णतेमुळे ६४५ मृत्यू नोंदले गेले. ते वाचल्यापासून मी त्या माणसांकडे वेगळ्या नजरेने बघते. वाहतूक खातं आणि समाजकल्याण खातं एकाच डब्यात बसलंय असं वाटतं.

---

चँडलरवासी

लेनचा मुद्दा पटला, पण त्याची दुसरी बाजू बघा. सग्वारो, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आपण काउंटीचा तोच अर्धा सेंट आणखी वीस वर्षांसाठी मंजूर केला, प्रस्ताव ४७९. त्यातला ३७ टक्के वाटा सार्वजनिक वाहतुकीला. आणि त्याच कायद्यात लिहिलंय की यातला पैसा लाइट रेल वाढवायला वापरायचा नाही. राज्याच्या विधिमंडळाने ही अट घातल्याशिवाय प्रस्ताव मतदानाला जाऊच दिला नाही, राज्यपाल केटी हॉब्स यांनी २०२३ मध्ये त्यावर सही केली. कॅपिटॉलच्या, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीच्या आवाराभोवती रूळ नकोत अशीही तरतूद आहे. म्हणजे तुमच्या रेल्वेची पुढची वाट बंद. आता बसच.

---

सग्वारो

बंद नाही, अरुंद. फिनिक्स शहराचा स्वतःचा कर आहे: २०१५ मध्ये मतदारांनी तो ०.४ वरून ०.७ टक्क्यांवर नेला, मुदत ३५ वर्षं. त्यातून शहर आपल्या हद्दीत बांधू शकतं. पण मेसा किंवा टेंपीला काउंटीचा आधार नाही, आणि शहराची हद्द ओलांडणारी रेल्वे एका शहराच्या पैशावर होत नाही. विधिमंडळात बसलेल्यांना दारात ट्रेन नको, हे मात्र खास. आमदारांना आपल्याच इमारतीपर्यंत लोक सहज पोचू नयेत असं वाटण्याचं कारण तुम्हीच ताडा.

आणि बसचं म्हणाल, तर ज्या रस्त्यावर बसला स्वतंत्र लेन हवी असेल तिथेही हेच भांडण होणार. लेन रुळाला द्या किंवा बसला द्या, कोणाच्या तरी मोटारीखालून काढावी लागतेच.

---

अभियंता_आबा

सग्वारोंचं एक वाक्य थोडं ताणतो. लेन मिळाली तरी चौकात काय होतं ते बघा. फिनिक्समध्ये ट्रेनला सिग्नलवर प्राधान्य आहे, म्हणजे हिरवा थोडा लवकर येतो किंवा थोडा लांबतो. पण सर्वाधिकार नाही. मोठ्या चौकात दोनशे माणसांची ट्रेन लालवर उभी आणि समोरून दहा मोटारी निवांत जातायत, हे दृश्य मी पाहिलंय. लेन दिली पण मान दिला नाही. त्यामुळे सरासरी वेग पडतो, आणि इतक्या पसरलेल्या गावात वेग पडला की फ्रीवेशी स्पर्धा संपली.

म्हणूनच अशा शहरात रेल्वे लांब नेण्यापेक्षा तिच्याभोवती वस्ती दाट करणं जास्त फायद्याचं. टेंपीत अपाची बुलेवार्डवर 'कलडेसॅक' नावाची वसाहत झालीय, १७ एकरांवर, रहिवाशांना पार्किंगच नाही, स्टेशन दारात. २०२३ पासून लोक राहायला आले. घरं मुद्दाम जवळजवळ बांधलीत, अरुंद गल्ल्या, एकाची सावली दुसऱ्यावर. हे आपल्या जुन्या वाड्यांच्या गल्लीत बिनशिक्षणाचं होत होतं. रुंद रस्ता आणि मोकळी जागा म्हणजे चांगलं शहर, हे थंड हवेतल्या लोकांचं गणित वाळवंटात आणलं, तिथे सगळं बिघडलं.

---

वऱ्हाडी ठेचा

आबा, हे मात्र लाखाचं बोलले. आमच्याकडे महालातल्या गल्लीत दुपारी जा अन् वर्धा रोडवर जा, फरक कळते. बरं, एक कामाचं विचारतो राजेहो. पोराला टेंपीतच नोकरी लागली, आम्ही दोघं जानेवारीत येऊन राह्यलो, सहा महिने. मला तिथे गाडी चालवता येणार नाही. घरात कोंडून घेण्यापेक्षा काही फिरता येईल काय? अन् गणपतीचं मंदिर आहे म्हणते पोरगा, तिथे रेल्वे जाते काय?

---

सग्वारो

या या, स्वागत. जानेवारी ते मार्च इथे हवा सोन्यासारखी असते, मे-जून मात्र जपून.

मुलाला सांगा, घर मिल अव्हेन्यू ते अपाची बुलेवार्डच्या पट्ट्यात बघ. दिवसभराचा पास ४ डॉलरचा, एकेरी तिकीट २. एकाच गाडीने डाउनटाउनचं वाचनालय, वस्तुसंग्रहालय, मेसाचा जुना बाजार होतो. टेंपी टाउन लेकवरच्या पुलावरून गाडी जाते तेव्हा शेजारी १९१२ चा मालगाडीचा पूल दिसतो, तो बघायला काकूंना खिडकीशी बसवा. विमानतळावरून ४४ व्या रस्त्याच्या स्टेशनपर्यंत 'स्काय ट्रेन' फुकट आणते, पण पहिल्या दिवशी सामान असेल, मुलालाच घ्यायला बोलवा.

महागणपतीचं मंदिर मारिकोपा गावात (काउंटीचं नाव तेच, पण हे गाव वेगळं), दक्षिणेला बरंच लांब. तिथे लाइट रेल जात नाही. गंमत म्हणजे फिनिक्सला जवळचं ॲमट्रॅकचं (लांब पल्ल्याच्या प्रवासी रेल्वेचं) स्टेशनही त्याच मारिकोपात आहे, कारण १९९६ पासून लांब पल्ल्याची गाडी फिनिक्सला येतच नाही. ॲरिझोनाची एवढी मोठी राजधानी, आणि रेल्वे स्टेशन बाहेरगावी. मंदिराला दर महिन्याला कोणी ना कोणी गाडी काढतं, तुम्हाला नेऊ.

घर बघताना स्टेशनचं अंतर नकाशावर मोजू नका. मुलाला दुपारी चालून बघायला सांगा. दक्षिणोत्तर रस्त्यावर दुपारनंतर पश्चिमेच्या फुटपाथला सावली असते, तीही शेजारी इमारत असेल तर. नुसतं पार्किंगचं मैदान असेल तर ते घर सोडून द्या.

---

चँडलरवासी

काका, आलात की चँडलरलाही या. मी स्टेशनवर घ्यायला येतो, गाडी घेऊनच. :)